मध्यस्थ एकच

सालोमनदादा,

या वेळी सलाम लिहीत नाही. रविवारी उधन्याच्या मंडळीत पाळक म्हणून तू गरजलास, "मध्यस्थ एकच, ख्रिस्त. मरियेला हाक मारणारे मूर्तिपूजक." माझ्या कॅथलिक सासूबाई तुझा उपदेश ऐकायला मुद्दाम आल्या होत्या. मान खाली घालून बसल्या.

प्लेगच्या वेळी सगळे सुरत सोडून पळाले, तेव्हा तुझ्या उशाशी त्याच होत्या. "मावशी, माझ्यासाठी प्रार्थना करा," असं तूच विनवलंस. तेव्हा त्या मध्यस्थ नव्हत्या? त्यांनीही मरियेला तेच विनवलं, तुझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून. शास्त्राचा एवढा साधा अर्थ तुला लागत नाही?

त्या म्हणतात, "हे पत्र पोस्टात टाकू नको, त्याच्या जिवाला लागेल." त्यांच्या शब्दाखातर टाकत नाही. माफ मात्र मी केलेलं नाही.

तुझी बहीण,
मार्था