अजमानमध्ये उतार नाही

बाबा, तुमची स्कूटर गेल्या शुक्रवारी सुरू झाली. साताऱ्याचं घर रिकामं केलं तेव्हा सगळे म्हणाले, भंगारात द्या. मी हट्टाने ती सामानाबरोबर इथे अजमानला आणली. रस्त्यावर ती कधी चालणार नाही हे मला माहीत होतं. मला फक्त तिचा आवाज हवा होता. आई आता आमच्याकडे असते, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली हे ती विसरली आहे. संध्याकाळ झाली की खिडकीत बसते आणि विचारते, हे अजून कसे आले नाहीत? सुरुवातीला मी खरं सांगायचो. ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीत. मग सांगणं सोडलं. वाटलं, गाडीचा आवाज कानावर पडला तर तिचा जीव थाऱ्यावर येईल.

इंजिन जाम झालं होतं. शारजातला एक गॅरेजवाला म्हणाला, "हबीबी, अंदर का सब नया डालेंगे, आवाज मक्खन हो जाएगा." मला मक्खन नको होतं, तुमची ती घसा बसलेली फटफट हवी होती. म्हणून अंगणात रद्दी पसरून मीच इंजिन खोलायला बसलो. तुम्ही रविवारी ओट्यावर बसायचात तसाच. तुम्ही एकेक नट आईच्या परातीत ओळीने मांडता, मी हात पुढे केला की म्हणता, "आधी बघ. हात नंतर." मी बघत बसतो. खूप बघितलं बाबा, पण हातात काहीच उतरलं नाही. मी एक्सेलवर पोट भरणारा माणूस. पिस्टन बसवला, काढला, पुन्हा बसवला. किका मारून पोटऱ्या भरून आल्या. लेक दारातून म्हणाली, "बाबा, जस्ट कॉल समवन." 

खूश होती ती फक्त आई. मीही तिच्याच परातीत मांडलेले काळे नट बघून ओरडली, "पुन्हा माझी परात घेतलीत?" किती दिवसांनी मला कुणी इतक्या हक्काने रागावलं होतं. पण ते रागावणं तुमच्यासाठी होतं.

शेवटी गॅरेजवाल्यालाच बोलावलं. तो इंजिन घेऊन गेला, आतलं सगळं नवं टाकून घेऊन आला. एका किकमध्ये सुरू. मी आशेने खिडकीकडे पाहिलं. आईच्या कपाळावर आठ्या. कुणाची गाडी आहे ही, बंद करायला सांग, म्हणाली. बाबांचीच आहे, मी म्हटलं. "काहीतरीच. ह्यांची गाडी येताना कधी ऐकू येते का? वळणावरच बंद करतात पेट्रोल वाचवायला, आणि उतारावरून गुपचूप येतात."

मी साफ विसरलो होतो. माझ्या कानात राहिलेली फटफट तुमची सकाळी जातानाची होती. येताना फक्त फाटकाची कडी वाजायची, मग स्टँड.

अजमानमध्ये उतार कुठून आणू? इथे सगळं तव्यासारखं सपाट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गाडी गल्लीच्या टोकापासून ढकलत आणली. उकाड्याने शर्ट अंगाला चिकटला होता. फाटकाची कडी काढली, स्टँड लावला. खिडकीतून आईचा आवाज आला, "आलात? हळू या. पोरगं तुमची वाट बघून आत्ताच झोपलंय."

तुम्ही बनून आत कसा जाऊ? आणि तुमचा मुलगा म्हणून गेलो, तर तुम्ही पुन्हा यायचेच राहणार.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगतो. मी "हो" म्हणालो, बाबा, तुमच्या आवाजात. आणि आत ती तुमचं ताट वाढत असताना गाडीला धरून बाहेरच उभा राहिलो.