सहीचे वीस कोरे कागद

आदरणीय साहेब,

साथीत तुम्ही आजारी पडून घरात कोंडून घेतलंत, तेव्हा वीस कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्यात. "अधिकार आहेत आपल्याला. गल्ली बंद करायची झाली की मजकूर छाप. विचारत बसू नकोस."

आई म्हणते, दुसऱ्याची सही म्हणजे दुसऱ्याच्या घराची किल्ली. म्हणून मी प्रत्येक आदेश साध्या कागदावर छापून तुमच्या खिडकीशी सहीला आणायचे. "भारीच चिकट आहेस गं!" म्हणत तुम्ही खोकत वाचायचात. एकदा म्हणालात, "इथे एकच रुग्ण, मग अख्खी गल्ली कशाला?" ती उघडीच राहिली.

एकदाच मोह झाला. शेजारच्या काकू मास्क न लावता आजारी आईशी गप्पा मारत होत्या. रागानं आमचीच गल्ली बंद करायला तुमच्या सहीचा कोरा कागद प्रिंटरमध्ये घातला, आणि लाजून काढला.

आज निर्बंध उठले. आईनं आणि मी वीसही कागद दोनदा मोजून फाडले. "साहेबांना कळव, घोर नको त्यांना," आई म्हणाली. पण कचेरीत आलेलं पत्र आवक-कारकून आधी वाचतो, आणि कोऱ्या सह्यांची गोष्ट त्याला कळायला नको. म्हणून हा पत्राचा एकविसावा कागदही फाडते, आणि उद्या तुम्हाला समोरच सांगते.

तुमची चिकट,
टंकलेखिका