येऊन राहिलो

नागपूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. अमोल यास,

आशीर्वाद. दिराला पत्र लिहिताना लिहायची रीत आहे, म्हणून लिहिला. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. फोन केला असता तर तुझा आवाज ऐकावा लागला असता, म्हणून कागद घेतला.

"वहिनी, गेम मुलांसाठी चांगला आहे की नाही, तुम्हीच बघून ठरवा," असा मेसेज तू केलास. बघितला. दोन संध्याकाळी, तुम्ही दोघं आपापल्या फोनवर खेळत असताना, चिन्मयीच्या शेजारी बसून बघितला. बर्फाचं जंगल, त्यात चौघं हरवलेले. लाकडं गोळा करा, शेकोटी विझू देऊ नका, असेल ते वाटून खा. रक्त नाही, शिव्या नाहीत. घरात बटाटा न सोलणारी पोरगी तिथे चौघांचा स्वयंपाक करते! खोट काढायचीच म्हणून बसले होते, पण खेळात खोट सापडली नाही.

खोट तुझ्यात आहे.

परवा मी कणीक मळत होते. आतून चिन्मयी ओरडली, "काका, मी मेली! लवकर ये!" वर्ष नाही झालं या घरातून माणूस जाऊन, आणि पोरगी हे ओरडते. भरल्या हातांनी धावले. तर फोनमधून तुझा आवाज, "थांब वं पोरी, येऊन राहिलो!" आणि खरंच आलास. लांडग्यांमधून धावत आलास, तिला उचललंस, ती उठली. केवढी हसली!

मी परत जाऊन कणीक मळत बसले. रडले नाही. चीड आली, इतकी की पोळ्या चामट झाल्या.

नागपुरात माणूस अंघोळीला बसलेला असतो तेव्हाही 'येऊन राहिलो' म्हणतो, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. त्याला कोणी खोटं मानत नाही. पण दहा वर्षांच्या पोरीला तू खेळात रोज शिकवतोस की काका म्हणाला म्हणजे आलाच.

रविवारी तिची स्कॉलरशिपची परीक्षा आहे. केंद्र लांब, कळमन्याकडे. काल शेजारचे लहानूभाऊ आपणहून विचारायला आले, "पोरीले रिक्षानं सोडून देऊ का?" मी हो म्हणायच्या आत ही म्हणाली, "राहू द्या, काका येऊन राहिला गाडी घेऊन."

लहानूभाऊ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना आठवलं, मलाही आठवलं. तुला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून आज सांगते. छातीत दुखत होतं त्या दिवशी लहानूभाऊंनी रिक्षा दारात आणून उभी केली होती. तुझ्या दादानं परत पाठवली. म्हणाला, "राहू द्या, अमोल येऊन राहिला." भावाच्या शब्दावर तो पलंगावर बसून राहिला, आणि तू मिहानमधल्या ऑफिसच्या टेबलावरून उठलाही नव्हतास.

मोठा माणूस होता, त्याचं त्यानं ठरवलं. पोरीचं मी ठरवणार. खेळ चालू राहील. रविवारी लहानूभाऊंची रिक्षा दारात असेल. रिक्षाच्या आधी तू आलास तर पोरगी तुझ्या गाडीत बसेल. नाही आलास तर वाट बघणं नाही, फोन उचलणं नाही, आणि त्यानंतर कुठल्याच जंगलात ती तुला हाक मारणार नाही.

वंदना

('तुझी वहिनी' लिहायचं की नाही, ते रविवारी ठरेल.)