मधल्या खोलीतला उजेड

१० फेब्रुवारी, लोणार
आलो एकदाचे! सामान उतरवताना कपबशा फुटल्या, बाकी सगळं धड. सोमवारपासून मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणार; धम्मरत्नचं काम लॅपटॉपवर, तो कुठेही बसून करतो. आमचं घर एकाला एक चिकटलेल्या जुन्या घरांच्या ओळीतलं. बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, सगळं एकामागे एक. खिडक्या फक्त पुढे आणि मागे, त्यामुळे मधल्या खोलीत भरदुपारीसुद्धा दिवा लागतो. दोन्ही आडभिंती पाडून एकच मोकळा हॉल करायचा, हे नाशिकहून निघतानाच ठरलंय.
शेजारच्या सिंधूताई भरीत-भाकर देऊन गेल्या. इतकं झणझणीत, की धम्मरत्न रडत रडत जेवला.

१४ फेब्रुवारी
राजकुमार मिस्त्री पाहून गेले. आडभिंतींवर छताचा भार नाही, त्या मागाहून घातल्यात म्हणाले. हे ऐकून सिंधूताई परसातल्या कुंपणाशी आल्या. "मधातली खोली काऊन मोडता वं पोरी?" आधीचे मालक उत्तमराव, त्यांच्या आई रुखमाबाई त्या खोलीत झोपून असत. उजेड सोसेना म्हणून त्यांनीच हट्टाने भिंती घालून घेतल्या, आणि शेवटी शेवटी कुणी दार उघडलं तरी किंचाळत. धम्मरत्न हसून म्हणाला, आता त्या खोलीला ऊन दाखवू.

१९ फेब्रुवारी
पडल्या! पुढच्या दारातून मागचा नळ दिसतो. वारा आरपार. आम्ही दोघं धुळीतच आडवे पडलो, लहान मुलांसारखे.

२२ फेब्रुवारी
घरभर विटांची धूळ, रोज झाडते तरी बसतेच. पण मधोमध एक लांबट चौकोन स्वच्छ असतो. एका खाटेएवढा. वाऱ्याचा झोत असेल.

२६ फेब्रुवारी
आज बसून पाहिलं. धम्मरत्न स्वयंपाकघराकडे जाताना त्या चौकोनाला वळसा घालतो. मिस्त्रीही घालतात. विचारलं तर दोघांनाही माहीत नव्हतं.
मग लक्षात आलं, मीही घालते.

१ मार्च
कॉलेजातून आले तर पुढच्या खिडकीवर चादर. स्क्रीनवर चकाकी येते म्हणाला. मागच्या खिडकीवरही होती. तिथे तो कधीच बसत नाही.

४ मार्च
दुपारी तो चौकोनात उताणा पडलेला, डोळ्यांवर आडवा हात. हाक मारली. तो म्हणाला, "मले पानी दे वं." आवाज बारीक, दात नसल्यासारखा. मला वाटलं, सिंधूताईंची नक्कल करतोय. हसले. तो हसला नाही.
नंतर विचारलं, तर म्हणाला, मी तर कामात होतो.

६ मार्च
मिस्त्री यायचे थांबले. फोनवर सांगितलं, घरात शिरलं की डोळे जळतात, दुसरा कुणी बघा.

७ मार्च
भर दुपारी धम्मरत्न जुन्या विटा परत रचत होता. बोटं सोललेली, रक्त. ओढलं तर मला ढकललं. सिंधूताईंना हाक मारली. दोघींनी मिळून त्याला फरफटत त्यांच्या अंगणात नेलं. उन्हात नेताच किंचाळला — बाईसारखा. मग शांत. मग माझा हात धरून रडला. अर्पिता, मी इथे कसा आलो, विचारलं.
आता या घरात राहायचं नाही. संध्याकाळच्या एसटीने निघतोय. सिंधूताई म्हणाल्या, जीव वाचला, सामानाचं पाहू मग.

७ मार्च, नंतर
त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आत आले; ही वही खांद्यावरच्या पिशवीतच होती. आत यायला नको होतं. घाईत सरळ चालले, वळसा घालायचं विसरले —
पाय जड झाले. क्षणभर टेकले फक्त. जमीन गार आहे. बरं वाटतं.
बाहेरून धम्मरत्न हाका मारतोय. उठायचंय. चादरीच्या फटीतून ऊन येतंय, डोळ्यांत सुई —
विटा हाताशीच आहेत. एक ओळ रचली. नको होती रचायला. हात थांबत नाही —
तो लोटलेल्या दारापाशी आला. सिंधूताई त्याला मागे ओढताहेत. बरोबर. त्याला आत येऊ देऊ नका —
कडी वाजली, तो दार उघडतोय.
नको. उजेड सोसून नाही राह्यला. त्याले म्हना दार नको उघडू, मले —