बारा ऑगस्टचा बॅकअप

३ नोव्हेंबर
पलासियातला हा फ्लॅट आजपासून माझा. सुमेधाने, माझ्या धाकट्या बहिणीने, मृत्युपत्रात तो मलाच दिलाय. भोपाळच्या शाळेतून निवृत्त झाले, पण एवढ्या उजेडाची खोली प्रथमच मिळाली. दारावर पाटी लावली: निवेदिता. चौकीदार उदयसिंह ती वाचून म्हणाला, मॅडमजी, अब बिल्डिंग में डाँट सुनाई देगी. सगळ्यात आधी तुला, मी म्हटलं. नाश्त्याला पोहे-जलेबी. मजेत आहे.

४ नोव्हेंबर
कामाला लागले. सुमेधाचा ब्लॉग बंद पडलाय, नुसतं पांढरं पान. बारा ऑगस्टला दुपारी तिचा फोन आला होता. ताई, नीरज माझ्या हृदयाच्या गोळ्या बदलतोय, सगळं ब्लॉगवर लिहिलंय, वाच. मी उघडेपर्यंत लेख गायब. पासवर्ड तिच्या नवऱ्याला, नीरजलाही ठाऊक होता. संध्याकाळी ती गेली. नीरजने रीतसर रडून दाखवलं, दिवाळीआधी कीर्तीशी लग्न केलं आणि मानपूरला हायवेवर ढाबा टाकला. तो लेख मला परत हवाय. मग बघते या नीरजभियाकडे.

७ नोव्हेंबर
सर्व्हर कंपनीच्या माणसाला दोनच औषधं ठाऊक: कॅशे साफ करा आणि वाट बघा. शेवटी मीच शोधलं. सर्व्हर नवा झाला, ब्लॉगचं सॉफ्टवेअर जुनंच राहिलं, त्यात प्लगिन नावाचा एक जोड-प्रोग्राम अडकला. त्याच्या फोल्डरचं नाव बदललं आणि ब्लॉग उघडला. आत आपोआप घेतलेला बॅकअप सापडला. बारा ऑगस्ट, दुपार. लेख पुसण्याआधीचा. नीरज, तुला धड केरही काढता येत नाही.

८ नोव्हेंबर
आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सचा दंडक होता, उत्तरपत्रिकेत एकही जागा रिकामी सोडायची नाही. हाताला तसंच वळण लागलंय. बॅकअप परत बसवताना सगळ्या चौकटींत खूण केली. शेवटची चौकट: या तारखेनंतरचं सर्व काढून टाका. केली. त्यानंतरचं ब्लॉगवर होतं तरी काय? निळी पट्टी फार हळू सरकतेय.
बाथरूममध्ये ओला टॉवेल लटकतोय. माझा नाही.

१० नोव्हेंबर
पट्टी अर्ध्यावर. ओट्यावर सुमेधाचा चष्मा. कढीलिंबाच्या फोडणीचा वास, आणि गॅस तर बंद. भीती वाटली. खरं सांगायचं तर आनंदही झाला.
नीरजचा फोन. कीर्ती त्याला ओळखत नाही म्हणे. आप कौन, असं विचारून माहेरी गेली. लग्नाच्या फोटोत तो एकटाच उभा आहे. रडत होता. मी म्हटलं, कॅशे साफ करून बघ.

११ नोव्हेंबर
उदयसिंहने गेटवर अडवलं. माताजी, किसके यहाँ जाना है? फ्लॅटचा नंबर सांगितला. म्हणाला, वो तो सुमेधाजी का है.
दारावर पाटी नाही. खिळ्याचं भोकसुद्धा नाही.
ती शेवटची चौकट आठवली. बारा ऑगस्टनंतर जे घडलं, या घरात जे आलं, ते सगळं जातंय. मीही नंतरचीच —

१२ नोव्हेंबर
थोडीच पट्टी उरलीय. खाली ‘रद्द करा’ हे बटण आहे. दाबलं तर मी राहीन, लेख जाईल.
सुमेधा ओट्याशी उभी. तिला मी दिसत नाही. हातात गोळ्यांची बाटली, नजर दाराकडे.
नीरजचा फोन. गाडी मानपूरकडे वळवली तरी पलासियालाच येते म्हणे. बॅकअपचं आणि बटणाचं सांगितलं त्याला. दीदी, रोक लो. आयुष्यात पहिल्यांदा दीदी म्हणाला.
फोन ठेवून दिला.

१३ नोव्हेंबर
खाली त्याची गाडी. पेन धरवत नाही — बोटांतून कागद दिसतोय —
बेल.
सुमेधाने दार उघडलं. पाण्याचा पेला भरलेला. तळहातावर त्याने बदललेल्या त्याच गोळ्या. शांतपणे म्हणाली, ये, बस, आज तू घे.
तो माझ्याकडे बघतोय. त्याला एकट्यालाच मी दिसते. बटणाकडे बोट दाखवतोय, हात जोडतोय —
नाही दाबत.
लेख आला. पहिल्याच ओळीत त्याचं नाव. आता सगळ्यांना —
घे, नीरज. पाण्याबरोबर. एकही जागा रिकामी सोडायची न