पळसाच्या पानांचा माणूस

१९ सप्टेंबर
नववीला त्रिकोणाचे कोन. फळ्यावर आकृती वाकडीच आली. अनिता म्हणते, "सर, हा त्रिकोण बराबर नाई." म्हटलं, नसू दे. सिद्धता ह्या एकाची नसतेच, सगळ्या त्रिकोणांची असते. हा नुसता त्यांच्या जागी उभा.
घरी माय दारातच. "काई समजलं काय रे?" नाही. दादा बैलांसकट पैनगंगेच्या पुरात वाहून गेला त्याला महिना होत आला. बैल पोहून काठाला लागले, दादा नाही.

२३ सप्टें.
मायचं सुरू, पुतळा करा. प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून अग्नी देतात. दादाला मूलबाळ नाही, म्हणून अग्नी मी द्यायचा. "त्याचा जीव भटकून राह्यला, तुले काईच वाटत नाई?" वाटतं ना माय, जीव तुटतो.
वहिनी चुलीपुढून, "कोणी पाह्यलं त्याईले मेलेलं?"
मग दोघी माझ्याकडे बघतात. मास्तर ना मी!

२४ सप्टें.
शाळेत अप्रत्यक्ष सिद्धता. उलट गृहीत धरा, विसंगती येईतो चाला. मधल्या सुट्टीत घरचंच करून पाहिलं. समजा दादा जिवंत आहे. मग फोन का नाही? पण डोक्याला मार लागला असेल तर? विसंगती येत नाही, कुठे अडत नाही. समजा मेला. तिथेही अडत नाही. समांतर रेषांच्या गृहीतकाचं असंच. माना, नका मानू, भूमिती चालते, फक्त वेगळी होते. आग लागो त्या भूमितीला.

२८ सप्टें.
मायपुढे हरलो. विधी उद्या. वहिनीला सांगितलं, तो पुतळा म्हणजे दादा नव्हे, नुसती आकृती.
"मंग जाळता काऊन?"

२९ सप्टें.
नदीकाठ. पानं, दोरा, डोक्याला नारळ. विधी सांगणाऱ्या महाराजांनी झटपट माणूस बांधला. कोणीही असेल असा. वर्गात अशीच आकृती लागते, खास काही नसलेली, म्हणजे सगळ्यांना लागू. इथे मी दोन पावलं मागे सरलो. हा मीसुद्धा असू शकतो.
बाया घाटावर येत नाहीत. वहिनी आली. पुतळ्याच्या उजव्या हाताचं टोक तिने तोडलं. "त्याईचं बोट कडबा कापाच्या कुट्टी मशिनमंदी गेलं होतं. आता हा त्याईचा झाला. जाळसान तर त्याईलेच जाळसान, भाऊजी."
हात पुढे होईना. विस्तव विझू दिला. महाराज चिडून निघून गेले.
पुतळा काठावरच आहे. वहिनी त्याच्याजवळ बसली, उठायला तयार नाही. मी चादर न्यायला घरी आलो. माय विचारते, "झालं काय रे?"
चादर काढून ठेवलीय, हे लिहून परत नदीवर निघतो.