घागरीच्या मापाचा नकाशा

४ मे १९७४
आपल्या बोळीचा नकाशा काढा म्हटलं, तर अकरातल्या नऊ जणांनी भारताचा काढला! दहाव्यानं महाराष्ट्राचा. कासीमनं तेवढी बोळ काढली, तीही कुत्री कुठं चावतात एवढंच दाखवणारी. सात ठिकाणं. त्यात एक माझं दार. मी कुत्रं पाळलेलं नाही!
“मग तुमच्या पायरीवर झोपतं ते कुणाचं हाय, बाई?”
वाचनालयाच्या मागच्या खोलीत पोरांचा हा सुट्टीतला चित्रवर्ग महिनाभर चालणार. लिहायचं सोडून मी हे काय घेऊन बसले — पण फार दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

६ मे
शरणम्मा आजही दीड तास उशिरा. परकर गुडघ्यापर्यंत ओला. वीरभद्रप्पा विणकराची मुलगी, चौदा वर्षांची. चित्राचा हात असा की मला हेवा वाटतो. पाणी भरून येते. बोळीत नळ एकच — वाचनालयाच्या दारात उभं राहिलं की डाव्या टोकाला, माझ्या घरासमोर. तिचं घर पार उजव्या टोकाला.
सकाळच्या शाळेतही हेच. मोठ्या बाईंनी बजावलंय, जूनमध्ये पुन्हा उशीर झाला तर नाव काटणार. तिची आई गुरम्मा शांतपणे म्हणाली, “काटलं की बसंल घरात मागाच्या कांड्या भरत.”
मला काही शांत राहवलं नाही.

८ मे
अंतर मोजायचं कशात? पावलं तर ज्याची त्याची वेगळी. वर्गातली नूरबी म्हणाली, भरलेली घागर किती वेळा टेकवावी लागते, त्यात मोजू! मग मीही घागर उचलली. नळापासून घरापर्यंत शरणम्माचे टेके चार. माझे अकरा — पोरं मागून ओरडून ओरडून मोजत होती.

११ मे
पाण्याच्या ऑफिसात जाऊन आले. बोळीला आणखी एक नळ मंजूर आहे, जागा ठरायचीय! साहेब म्हणाले, “मुलांचा नकाशा? आणा की. मेअखेर खणून टाकू.”
पोरांनी टाळ्या पिटल्या. शरणम्माच्या हातून रंगाची वाटीच सांडली.

१५ मे
झाला! विणताना बिघडलेल्या कापडावर, चार हात लांब. फरशीवरच्या खडूच्या नकाशावरून शरणम्मानं कापडावर उतरवला. वाचनालय कासीमनं रंगवलं. टेके लाल ठिपक्यांचे. तिच्या दारात मोठा निळा गोल — नवा नळ इथं. मी स्वतः साहेबांच्या टेबलावर पसरला. शिपाईसुद्धा वाकून वाकून बघत होते.

२१ मे
घात! कासीम सहज म्हणाला, “बाई, कापडावर तुमचं घर उजवीकडं होतं की.” आख्खी बोळ उलटी! मी तिच्या टोकाला, ती माझ्या टोकाला.
शरणम्माला काही वाटेचना. “कापडावर काढायचं म्हंजे उलटंच की, बाई. आप्पा मागावर तसंच विणत्यात, चांगली बाजू खाली ऱ्हाती. पलटून बघा की, बराबर हाय!”
खरंच, रंग आरपार उतरले होते. आणि मी? दहा वेळा पाहिला, दहाही वेळा रंगच पाहिले.
धावत ऑफिस गाठलं. कापड पलटू द्या म्हटलं — तर कारकुनानं हौसेनं खळ लावून ते फळीवर चिकटवलंय! “छान दिसतंय ना? साहेबांनी सहीपण केली.” साहेब दौऱ्यावर.

२४ मे
माझ्या दारात खड्डा. जुन्या नळापासून तीन पावलांवर. मुकादमाला हात जोडले. तो म्हणाला, “जुना नळ दिसतोय की मला. पर नकाशात त्यो तिकडं हाय.”

२९ मे
नवा नळ सुरू. समोरची चांदबी घागर भरता भरता — “क्या बाई, एक नल पीने कू, एक लिखने कू?” बायका खो खो हसल्या. मीही हसले. मग आत येऊन दार लावलं.
गुरम्मा घागर भरून तशीच निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. शरणम्मा पाच दिवस खोलीवर आलेली नाही. तिच्या दारी जायचा धीर मला होत नाही. नकाशा तिनं काढला, पण बघायचं काम माझं होतं.

१० जून
आज शाळा उघडली. सकाळी खिडकी लावून बसले. नळाकडे बघवत नाही.

१३ जून
दुपारी शरणम्मा दारात. खांद्याला दप्तर, परकर कोरडा. चारही दिवस पहिल्या घंटेला वर्गात!
अगं, पण कसं? टेके तर अजून चारच आहेत!
“टेक्याला कितीसा येळ लागतोय, बाई? येळ जायाचा रांगंत. आता दोन रांगा हैत की.”
मग हे आधी का नाही सांगितलंस?
“तुमी टेकंच इचारलं.”